पोलीस काका वर्गात येणार असतील तर: प्राथमिक शाळेतल्या व्यसनविरोधी तासाची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

२६ जून, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिन, जवळ आला की पोलीस ठाण्यात शाळांची पत्रं यायला लागतात. कार्यक्रम सगळीकडे एकच. पाऊस आहे म्हणून पत्र्याच्या शेडखाली चारशे पोरं दाटीवाटीनं बसवलेली, माइक खरखरतोय, साहेब बंदोबस्तातून उशिरा पोचतात. ‘अमली पदार्थांचे दुष्परिणाम’ या विषयावर पंचवीस मिनिटांचं भाषण, मग उजवा हात पुढे करून शपथ, मग फोटो, मग मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा-बिस्किट. संध्याकाळी फोटो ठाण्याच्या ग्रुपवर.

मी नोकरीत असताना हे दहा वर्षं केलं. शपथ देणारा बहुतेक वेळा मीच असायचो. शेडमधून बाहेर पडून गाडीकडे जाताना त्याच पोरांतली दोन-तीन पोरं समोरच्या टपरीवर सुपारीची पुडी घेताना दिसायची, आणि आम्ही काच वर करून निघून जायचो.

हा लेख ठाण्यातल्या अंमलदारांसाठी आहे आणि तेवढाच वर्गशिक्षकांसाठी. गृहीत धरलेली मुलं तिसरी ते पाचवीची, म्हणजे आठ ते अकरा वर्षांची. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, खात्यातल्या मित्रांना ती रुचणार नाही. व्यसन-प्रतिबंधाबद्दल संयुक्त राष्ट्रांनी काढलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये (पहिली आवृत्ती २०१३, दुसरी २०१८) निष्फळ ठरलेल्या पद्धतींची यादी आहे. नुसतं भाषण, भीती घालणं, व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाचं अनुभवकथन या सगळ्यांच्या सोबत त्या यादीत ‘कार्यक्रम पोलिसांनी शिकवणं’ हेही आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ला सुरू झालेला डेअर हा पोलिसांनी वर्गात शिकवायचा सगळ्यात मोठा कार्यक्रम. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २००३ साली त्यावरच्या अभ्यासांची छाननी केली, तेव्हा तो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या व्यसनात दखल घेण्याजोगा फरक आढळला नव्हता. पुढे डेअरवाल्यांनी अभ्यासक्रमच बदलला.

म्हणून पोलिसानं शाळेत जाऊच नये, असं मी म्हणत नाही. तास शिक्षकानं घ्यायचा आणि पोलिसानं त्यात पाहुणा म्हणून बसायचं. पोलिसाकडे अशा दोन-तीन गोष्टी आहेत ज्या शिक्षकाकडे नाहीत. त्या तेवढ्या त्यानं आणायच्या. खालचे सगळे टप्पे याच वाटणीवर बेतलेले आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: आधी टपरी, मग वर्ग

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. लोक आधी भाषण देतात आणि कारवाईचं ‘नंतर बघू’ म्हणतात. हे उलटं का करायचं ते टप्पा ५ मध्ये कळेल.

तासाच्या किमान पंधरा दिवस आधी, मुलं शाळेत नसताना, शाळेभोवती एक फेरी मारा. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांच्या २००३च्या कायद्याचं कलम ६ दोन गोष्टी सांगतं. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकायची नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० वारांच्या आत ती कुणालाच विकायची नाही. १०० वार म्हणजे सुमारे ९१ मीटर. मोजताना नेहमी एक चूक होते: फाटकापासून मोजतात. अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चारी दिशांना सरळ रेषेत धरायचं असतं. मागच्या बोळातली टपरी रस्त्यानं दोनशे मीटर भरते आणि सरळ रेषेत साठ. ती बसते नियमात.

टपरीवाल्याशी बोलताना दंडाचा धाक फार चालत नाही, कारण या कलमाखाली दंड २०० रुपयांपर्यंतच आहे आणि तो त्याला तोंडपाठ असतो. बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम ७७ मात्र त्याला बहुधा माहीत नसतं. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे शांतपणे, आवाज न चढवता सांगा. गुटख्याचा तर प्रश्नच नाही, त्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. तरी पुड्यांच्या माळेमागे काय लटकतंय ते हातानं बाजूला करून बघा.

तपासा: आठवड्यानं पुन्हा चक्कर मारा, गणवेशात नको, साध्या कपड्यांत. माल हलला नसेल तर शाळेची तारीख पुढे ढकला. विक्री चालू असताना वर्गात जाऊ नका.

## टप्पा २: वर्गशिक्षकांसोबत एक तास

मुख्याध्यापकांना भेटून तारीख ठरते, पण तयारी वर्गशिक्षकांसोबत होते. खुर्ची ओढून समोर बसा आणि हे विचारा:

- या वर्गातली मुलं प्रत्यक्षात काय बघतात? सुपारी, मावा, खर्रा, मशेरी, गुटखा, विडी, दारू? विदर्भात खर्रा म्हटल्यावर जो वर्ग मान डोलावतो तोच शब्द कोकणात बोलला तर पोरं नुसती बघत बसतात. त्या गावात जो शब्द चालतो तोच वापरा.
- पट किती? एका वेळी एकच तुकडी. चाळीसच्या वर मुलं असतील तर दोन गट करा.
- घरात दारूमुळे किंवा हाणामारीमुळे त्रास असलेली मुलं वर्गात आहेत का? नावं विचारू नका. फक्त ‘आहेत’ एवढं कळलं तरी तुमची जीभ जपून चालते.
- ज्याचे वडील किंवा भाऊ सध्या तुरुंगात आहेत असं मूल आहे का? असेल तर तास कसा घ्यायचा ते बाईंनाच ठरवू द्या.

आणखी एक अवघड प्रश्न आहे. तो मुख्याध्यापकांना एकट्यात विचारायचा: शिक्षकांपैकी कोणी तंबाखू खातं का? मुलांना ते माहीत असतंच. गुरुजींच्या खिशातली चुन्याची डबी वर्गातल्या प्रत्येक पोरानं पाहिलेली असते. अशा गुरुजींनी तासाला उभं राहून उपदेश केला तर तिथेच सगळं संपतं. त्यांना तासातून वगळा, किंवा त्यांची तयारी असेल तर त्यांनीच मुलांना खरं सांगावं: ‘मला सोडायची आहे, जमत नाहीये.’ एका शाळेत एका गुरुजींनी असं सांगितलेलं मी ऐकलंय. वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती.

पालकांना चिठ्ठी पाठवायला विसरू नका. दोन ओळी पुरतात: अमुक दिवशी पोलीस कर्मचारी वर्गात येणार आहेत, विषय अमुक आहे, घरच्या कुणाची चौकशी होणार नाही. शेवटचं वाक्य सोडू नका.

## टप्पा ३: काय सांगायचं नाही, ते आधी ठरवा

पोलिसाच्या डोक्यात मोठ्या केसेस असतात. २०२४ साली पुणे जिल्ह्यात कुरकुंभला सापडलेला एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) साठा, अमक्या हायवेवर पकडलेला गांजा. हे सगळं चौथीच्या वर्गाबाहेर ठेवा. दहा वर्षांच्या मुलाला मेफेड्रोनचं नाव, रंग आणि भाव कळून त्याचं काही भलं होत नाही. नवा शब्द मिळाल्याचा आनंद तेवढा होतो आणि मधल्या सुट्टीत तो शब्द खेळात येतो.

या वयाचा खरा विषय तंबाखू आणि सुपारी. मोठ्या नशेची पहिली पायरी म्हणून नव्हे. ती घरात, दारात, खिशात असते म्हणून. त्यानंतर दारू, तीही ‘घरात मोठ्यांनी प्यायली तर मी काय करू’ एवढ्यापुरती. पहिली-दुसरीत तर फक्त ‘औषध मोठ्यांनी दिलं तरच घ्यायचं, रस्त्यावर सापडलेलं तोंडात घालायचं नाही’ एवढं पुरे.

हुंगण्याच्या पदार्थांचं काय, असं शिक्षक हमखास विचारतात. काळजी रास्त आहे. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेला हा एकमेव प्रकार होता. पण वर्गात वस्तूंची नावं घेऊन ‘हे हुंगू नका’ सांगणं म्हणजे पाककृती देणं. उग्र वासाची कुठलीही वस्तू नाकाजवळ न्यायची नाही, कुणी नेताना दिसलं तर बाईंना सांगायचं, इतकंच बोला. रेल्वे स्टेशन, भंगाराची दुकानं, गॅरेज यांच्या जवळची शाळा असेल तर शिक्षकांना आणि पालकांना मात्र वेगळं बसवून सविस्तर सांगा. मुलांना नाही.

सोबत नेऊ नका: जप्त मालाचे नमुने, सडलेल्या तोंडाचे फोटो, कवटीचे बॅनर, बेड्या, पिस्तूल. पिस्तूल कमरेला असेल तर पोरांचे डोळे पूर्ण तास तिथेच राहतात. ते ठाण्यात जमा करून या. व्यसनमुक्ती केंद्रातून बरा झालेला माणूसही आणू नका. तो बिचारा मनापासून बोलतो, पण मुलांच्या कानात शेवटी एवढंच उरतं की ‘काका प्यायचे, आता ठणठणीत आहेत’.

सोबत न्या: झाकणाला चीर पाडलेला पुठ्ठ्याचा डबा, कोऱ्या चिठ्ठ्या, तीस चिंचोके आणि त्यांतल्या आठांना लावायला थोडा चुना किंवा रंग.

## टप्पा ४: पहिला तास

पस्तीस मिनिटं धरा. परिपाठाला जोडून घेऊ नका, त्या वेळी मुलांचं चित्त वर्गात नसतं. मधल्या सुट्टीनंतर खिचडी पोटात गेल्यावरही नको, पेंगतात. दुसरी किंवा तिसरी तासिका उत्तम.

पहिली सात मिनिटं. आत आल्यावर फळ्यापुढे उभं राहू नका, मुलांच्या रांगेत बसा. बाई तुमची ओळख करून देतील. मुलांना गणवेशाबद्दल काय विचारायचंय ते आधी विचारू द्या, नाहीतर ते प्रश्न शेवटपर्यंत मध्ये मध्ये उगवत राहतात. काठी कशाला? तुम्ही चोराला मारता का? तुमची गाडी किती जोरात पळते? उत्तरं खरी आणि छोटी द्या.

पुढची पाच मिनिटं: नियम. बाई फळ्यावर लिहितात: ‘आज कुणाच्याही घरचं नाव घ्यायचं नाही.’ म्हणजे ‘माझे बाबा’, ‘आमचे शेजारी’ असं न म्हणता ‘एक माणूस’ म्हणायचं. हा नियम दोनदा म्हणून घ्या.

हा नियम मी कसा शिकलो ते सांगतो. चौथीच्या एका वर्गात, मोठ्या उत्साहात, मी विचारलं होतं, ‘कुणाच्या घरी कोण दारू पितं? हात वर करा बघू.’ दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं लगेच हात वर केला. मग तिनं इकडेतिकडे बघितलं. दुसरा एकही हात वर नव्हता. तिनं हात अर्धा खाली आणला, कोपरापर्यंत, आणि तसाच धरून ठेवला, जणू केस नीट करतेय. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी ‘शाब्बास, खरं बोललीस’ म्हणून पुढे गेलो, मला वाटलं छान झालं. पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला: ती त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही. वर्गातल्या कुण्या पोरानं वस्तीत सांगितलं होतं की तिनं बापाचं नाव पोलिसांत दिलं. पुढे बाईंनी घरी जाऊन तिला परत आणलं. मी जाऊ शकत नव्हतो. माझी गाडी त्या दारात उभी राहिली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं.

‘हात वर करा’ हे तीन शब्द या विषयात कायमचे बंद करा. वर्गात पोलीस असताना तर नक्कीच.

उरलेला वेळ: शरीर. हा भाग पूर्ण बाईंचा. तंबाखूनं तोंडात काय होतं ते भीती न घालता, मुलांना पटेल अशा जवळच्या गोष्टींतून सांगायचं: दात पिवळे पडतात, तोंडाला वास येतो, धावताना धाप लागते, तोंड नीट उघडत नाही. तीन बोटं उभी धरून आपल्या तोंडात जातात का ते मुलांना करून बघू द्या. रोज सुपारी-गुटखा चघळणाऱ्या काही जणांच्या तोंडात तेवढीही जागा उरत नाही. चाळीस वर्षांनी होणाऱ्या कर्करोगापेक्षा हे पोरांच्या पक्कं लक्षात राहतं. एक गैरसमज इथेच दूर करा. गोड सुपारीत तंबाखू नसली तरी ती निरुपद्रवी नाही. सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक आहे.

तपासा: तास संपताना एक तरी मूल घाबरून रडवेलं झालंय का? झालं असेल तर तुम्ही काहीतरी जास्त बोललात. बाईंना सांगून त्याच्याशी नंतर बोलायला लावा.

## टप्पा ५: दुसरा तास, नकाराचा सराव

पहिल्या तासानंतर आठवड्यानं. हा सगळ्यात महत्त्वाचा तास आहे आणि बहुतेक ठिकाणी तो होतच नाही.

पुस्तकी कार्यक्रमांत मुलाला ‘नाही म्हण’ असं शिकवतात, आणि समोर उभा असतो एखादा वाईट मुलगा किंवा अनोळखी माणूस. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात तंबाखूची पुडी पहिल्यांदा येते ती बहुतेक वेळा ओसरीवर बसलेल्या आजोबांमुळे. ‘जा रे, दुकानातून पुडी घेऊन ये, उरलेल्या पैशांची गोळी खा.’ या आजोबांना तोंडावर ‘नाही’ म्हणायला शिकवाल तर मूल ते म्हणणार नाही. म्हटलं तर थप्पड खाईल आणि पुन्हा तुमचं काही ऐकणार नाही.

म्हणून नकाराचं ओझं मुलावर टाकायचं नाही. ते दुकानदारावर टाकायचं. मुलांना हे वाक्य पाठ होईपर्यंत म्हणायला लावा:

‘आजोबा, दुकानदार आम्हा पोरांना देत नाही. पोलिसांनी सांगितलंय त्याला.’

यात आजोबांचा अपमान नाही, उलट उत्तर नाही, आणि वाक्य खरंही आहे. ते खरं असावं म्हणूनच टप्पा १ आधी. मूल हे बोललं, आजोबा स्वतः उठून टपरीवर गेले आणि टपरीवाला म्हणाला, ‘कशाला उठलात आजोबा, पोराला धाडायचं होतं की’, तर मूल खोटारडं ठरतं. पोलीसही ठरतात.

सराव असा घ्या. एका मुलाला आजोबा करा, काठी द्या, पोरं नक्कल फार छान करतात. दुसऱ्याला नातू. तिसऱ्याला दुकानदार. दुकानदार झालेल्यालाही वाक्य द्या: ‘बाळा, तुला नाही देता येत.’ प्रत्येक मुलाची एकदा तरी पाळी यायला हवी. लाजाळू मुलांना जोडीनं उभं करा.

दुसरा प्रसंग मित्राचा. मधली सुट्टी, सातवीतला दादा, हातात सुपारीची पुडी. ‘खा की, गोड आहे. घाबरतोस काय?’ इथे लांब कारणं देऊ देऊ नका. ‘नको, मला नाही आवडत’ एवढं बोलायचं आणि चालू लागायचं. पाय हलणं महत्त्वाचं. पोरं वाक्य बरोबर म्हणतात आणि तिथेच उभी राहतात, मग दादा पुन्हा विचारतो, पुन्हा विचारतो, आणि चौथ्या वेळी हात पुढे येतो. सरावात प्रत्यक्ष चार पावलं चालायला लावा.

तिसरा प्रसंग तुमचा, पोलिसाचा. ‘ही पिशवी त्या कोपऱ्यावरच्या दादाला दे, वीस रुपये देतो.’ मुलांकडून नशेचा माल वाहून घेणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७८ खाली तेवढाच गंभीर गुन्हा आहे, पण मुलांना कलम सांगू नका. हात मागे बांधायचे, पिशवी घ्यायची नाही, उघडून बघायची नाही, उलट फिरून शाळेच्या फाटकात यायचं, बाईंना सांगायचं. इथे एक गोष्ट पोलिसानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवी: ‘चुकून पिशवी हातात घेतली गेली असेल तरी येऊन सांग. तुला कुणी पकडणार नाही.’ हे बाई सांगू शकत नाहीत. गणवेशातल्या माणसानं सांगितलं तरच पटतं, आणि माझ्या मते गणवेश वर्गात नेण्याचं एवढं एकच खरं कारण आहे.

सावध: वाईट माणसाची भूमिका कुठल्याही मुलाला देऊ नका, ती तुम्ही किंवा बाईंनी करा. मी एकदा एका पोराला ‘गंजाडी’ची भूमिका दिली आणि ते नाव त्याला वर्षभर चिकटलं.

## टप्पा ६: तिसरा तास, चिंचोके

मुलांना वाटतं सगळेच खातात. घरात बाबा, दारात काका, एसटीच्या खिडकीतून पिंक टाकणारे सगळे. ‘सगळेच’ असं वाटलं की आपणही कधीतरी खाणारच, असं मनात बसतं.

तीस चिंचोके टेबलावर ओता. आधी विचारा: महाराष्ट्रातल्या तीस मोठ्या माणसांतली किती तंबाखू वापरत असतील? उत्तरं वीस, पंचवीस, तीस अशी येतात. मग रंगवलेले आठ बाजूला काढा. २०१६-१७च्या सर्वेक्षणानुसार राज्यात पंधरा वर्षांवरच्या शंभरांत सुमारे २७ जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, म्हणजे तिसांत आठ. त्यांतले बहुतेक चघळणारे. ओढणारे शंभरांत चारही नव्हते. बाकीचे बावीस चिंचोके एखाद्या मुलाच्या ओंजळीत ओता आणि वर्गात फिरवायला सांगा.

एखादं मूल म्हणेल, ‘आमच्या वस्तीत जास्त आहेत.’ खरं असू शकतं, वाद घालू नका. ‘असतील, पण तुझ्या वस्तीत न खाणारं एक तरी माणूस आहे ना? कोण?’ असं विचारा. बऱ्याचदा आईचं किंवा आजीचं नाव येतं. (टप्पा ४ मधला नियम इथे मोडतो, पण चांगल्या बाजूनं. चालतं. मात्र मशेरी लावणारी आजी निघाली तर हसू आवरा.)

## टप्पा ७: चिठ्ठ्यांचा डबा

डबा पहिल्या तासालाच वर्गात ठेवायचा आणि तिन्ही तासांनंतर उघडायचा. उघडताना बाई आणि तुम्ही, मुलं नाहीत. वर्गात वाचायच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा, न वाचायच्या वेगळ्या.

वाचायच्या चिठ्ठ्या मजेदार असतात. ‘पोलीस तंबाखू खातात तेव्हा त्यांना कोण पकडतं?’ ही चिठ्ठी मला तीन वेगवेगळ्या शाळांत आली. टाळू नका. ‘खातात काही जण. चुकीचं आहे. शाळेत आणि ठाण्यातही बंदी आहे, दंड होतो.’ तुम्ही स्वतः खात असाल तर या कामाला दुसऱ्या कुणाला पाठवा.

अक्षरावरून मूल शोधायचा प्रयत्न करू नका. बाई अक्षर ओळखतातच. ते त्यांच्यापाशी राहू द्या.

## टप्पा ८: मुलानं काही सांगितलं तर

हे कधीतरी होणारच: तास संपल्यावर व्हरांड्यात एखादं मूल शर्टाची बाही ओढतं. क्रम असा ठेवा.

१. खाली बसा, त्याच्या उंचीला या. ऐका. मधेच प्रश्न विचारू नका, डायरी काढू नका.

२. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुला मदत करायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगीन’ असं म्हणा.

३. बाईंना बोलवा. पुढचं बोलणं त्यांच्यासमोर.

४. घरात दारू आहे पण मूल सुरक्षित आहे, अशी बाब असेल तर ती शाळेकडून समुपदेशक आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाऊ द्या. त्याच संध्याकाळी जीप घेऊन त्या घरी जाऊ नका.

५. मारहाण, उपासमार किंवा मुलाला नशेच्या धंद्यात वापरणं असेल तर ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला आणि बाल कल्याण समितीला लगेच कळवा. पुढची विचारपूस साध्या कपड्यांत.

६. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. इथे ‘आधी खात्री करू’ नाही. मुलाचा जबाब गणवेशात घ्यायचा नाही, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा.

फळ्यावर १०९८ लिहून ठेवा आणि तास संपल्यावर पुसू नका. मुलांच्या मदतीचा हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

सावध: वर्गात सांगितलेल्या गोष्टीवरून घरावर छापा पडला तर त्या शाळेत पुढची दहा वर्षं कुठलंही मूल पोलिसाशी बोलणार नाही. गांजाची टीप मिळवायला वर्ग वापरू नका. वरून तसं विचारलं गेलं तर, ‘साहेब, तो तास बाईंचा आहे’ हे उत्तर माझ्या कामी आलेलं आहे.

## टप्पा ९: पालकसभा

मुलांच्या तासांनंतर, आधी नको. आया येतात, वडील फार थोडे. त्यांच्या वेळेनं ठेवा, रविवारी किंवा मजुरी संपल्यावर.

तीनच गोष्टी. मुलाला तंबाखू आणायला पाठवू नका. ती मुलासमोर उघड्यावर ठेवू नका. सोडायची असेल तर फोन कुठे करायचा: तंबाखूसाठी १८००-११-२३५६, दारू आणि इतर नशेसाठी १४४४६. एखादी आई बाजूला घेऊन विचारते, ‘पोराला उपचाराला आणलं तर तुम्ही पकडाल का?’ अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ तिला समजेल असं सांगा: माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल आणि प्रकरण सेवनाचं किंवा अल्प प्रमाणाचं असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळतं, पण उपचार अर्धवट सोडायचे नाहीत.

## टप्पा १०: महिन्यानं परत

शपथेचा फोटो म्हणजे काम झाल्याचा पुरावा नाही. फोटो काढायचाच तर मुलांच्या पाठीमागून काढा, चेहरे नकोत.

महिन्यानं वर्गात नुसतं दहा मिनिटं जा आणि एका मुलाला आजोबांची काठी द्या. वाक्य येतंय का बघा. मग बाईंना विचारा, मधल्या सुट्टीत पुड्यांचे कागद आवारात अजून सापडतात का. सफाईच्या मावशींना विचारलंत तर जास्त खरं कळेल, केरात काय येतं ते त्याच बघतात. एका शाळेत मावशींनी मला पत्र्याच्या डब्यात आठवड्याचे रिकामे कागद साठवून दाखवले होते. पहिल्या आठवड्यात डबा भरला, पाचव्या आठवड्यात तळाशी सात कागद होते. सातही एकाच कंपनीच्या सुपारीचे. मी तिथून उठलो आणि मागच्या बोळातल्या टपरीकडे निघालो.